शत्रुघ्नरावांची मार्कपत्रिका

आमच्या ह्यांनी, म्हणजे शत्रुघ्नरावांनी, गेल्या आठवड्यात गाडीत तीन बायका बसवल्या. तिघी एकदम बोलायच्या. चौथी मी मागच्या सीटवर, आणि मला बोलायला जागाच नाही!

सांगते. पहिली बाई चिरागने, म्हणजे आमच्या मुलाने, गाडीत बसवून घेतलेल्या मोठ्या स्क्रीनमधली. दुसरी मोबाइलमधली. तिसरी काचेला चिकटवायच्या छोट्या जुन्या डबीतली. ती डबी माणिकपूरच्या व्हिव्हियनची. त्याचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. "काका, आठ दिवस वापरून बघा, आवडली तर ठेवा," म्हणाला. रस्ता दाखवायला तिघींतली चांगली कोण, हे आमचे हे ठरवणार होते.

आणि हे सगळं कुणासाठी? तर सुनेसाठी. आमची निधी नाशिकची. लग्न होऊन वर्ष झालं. तिला तुळिंजला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी साडेसहाला लॅब हिनेच उघडायची, कारण उपाशीपोटी आलेले पेशंट पायरीवर बसलेले असतात. आमच्या राजावलीतून त्या वेळी रिक्षा मिळत नाही, चिराग सुरतेला कामाला. म्हणजे गाडी हिनेच चालवायची. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

गाडी तिला छान येते हो. पण रस्ते येत नाहीत, आणि रस्ते शिकवायला बसले आमचे हे! तीस वर्षं पेंढ्याचा टेम्पो चालवलेला माणूस. मनाने सोनं, पण तोंड म्हणजे फुटका भोंगा. "अगं वळ! वळ म्हनतो ना! जितेशच्या गिरनीपाशी वळायचं!" आता जितेशची गिरणी पाडून पंधरा वर्षं झाली, तिथे सात मजली इमारत उभी आहे. पोरीला गिरणी दिसणार कुठून? एव्हरशाईन सिटीच्या चौकात एक वळण चुकलं, तर हे इतके ओरडले की तिने गाडी बाजूला घेतली, किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि रिक्षाने घरी आली. रात्री जेवताना हळूच म्हणाली, "आई, मी लॅबवाल्यांना नाही म्हणून कळवते." ह्यांच्या मनाला ते लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी स्वारी व्हिव्हियनकडे.

मग सुरू झाली परीक्षा. रोज राजावली ते तुळिंज, जाऊन येऊन. हे गाडी चालवणार, तिघी बोलणार, आणि मी कॅलेंडरच्या पानामागे मार्क लिहिणार. मोठी बाई म्हणे डावीकडे, मोबाइल म्हणे सरळ, आणि आमचे हे दोघींचं न ऐकता उजवीकडे. वर त्यांनाच दम! "तुला कोन विचारतंय? हितनं जवळ पडतं!"

शनिवारी निकाल लागला. मोठी बाई पहिली, कारण चित्र मोठं आणि आवाज खणखणीत. मोबाइल दुसरा. डबीला भोपळा. "ही काय बोलते का कन्हते? आजारी मान्सासारखी. उद्या व्हिव्हियनला परत."

निधी मान खाली घालून भाजी निवडत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, ह्या भागात डोळे मिटूनसुद्धा तुम्ही चुकणार नाही. ज्याला सगळा रस्ता पाठ, तो कसली परीक्षा घेतो? उद्या निधी गाडी चालवेल. तुम्ही मागे बसायचं, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही!"

रविवारी सकाळी निघालो. मी पुढे, हे मागे, तोंडाला कुलूप. आधी मोठी बाई लावली. निधीचं पहिलंच वळण हुकलं आणि ती सुरू झाली, मागे वळा, मागे वळा! निधी इतकी गांगरली की गाडी बंद पडली. मग मोबाइल लावला. नेमका चिरागचा फोन आला आणि नकाशाच गायब! राहिली डबी. एव्हरशाईनच्या त्याच चौकात निधी पुन्हा चुकली. मागून ह्यांनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मी वळून असे डोळे वटारले की तो आतच राहिला.

डबी दोन क्षण गप्प बसली. मग त्याच कण्हत्या आवाजात म्हणाली, "नया रास्ता ढूंढ रहे हैं। दो सौ मीटर के बाद बाएँ मुड़िए।" निधीने खांदे सैल सोडले. वळली, आचोळ्याच्या गल्लीतून निघाली आणि तुळिंजच्या लॅबच्या दारात गाडी उभी केली. चार मिनिटं जास्त लागली, बस्स!

"आई, मला हीच हवी," ती म्हणाली.

ह्यांना राहवलं नाही. "अगं, हिला मी भोपळा दिलाय! काय चांगलं हाय हिच्यात?"

निधी स्टिअरिंगकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मग म्हणाली, "बाबा, मी चुकले तरी ही ओरडत नाही."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पोरीसाठी वाटलं आणि ह्यांच्यासाठीही वाटलं. हा माणूस आठवडाभर पेट्रोल जाळत फिरला होता तो तिच्यासाठीच की! घरी येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी एकटेच माणिकपूरला गेले आणि व्हिव्हियनला डबीचे पैसे देऊन आले.

सोमवारी पावणेसहाला निधी एकटी निघाली. ह्यांनी अंगणात येरझाऱ्या घातल्या. चहा दोनदा गरम केला, दोनदा गार झाला. सहा पंचवीसला ह्यांचा फोन वाजला. माझा नाही हं, ह्यांचा! ह्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, पोचले." मग जरा थांबून, "एव्हरशाईनला परत चुकले हो."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. गळ्याची शीर फुगली, तोंड उघडलं, मिटलं. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण ह्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"चुकू दे गं बाय. पोचलीस ना?"