मेहुण्याच्या गुडघ्यातला चुना

आमचा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, इतका तापट की पाणी पडलेला कळीचा चुनासुद्धा त्याच्यापुढे गार वाटावा. धंदाही तोच, घरांच्या भिंतींना चुना देण्याचा. चाळिशीतच त्याचे गुडघे धरले. शेजारचा सुतार म्हणाला, "चुना हाडांत शिरला." झालं, याच्या डोक्यात ते पक्कं बसलं. बापही चुनेवालाच होता आणि म्हातारपणी त्याची पाठ फळीसारखी ताठ झाली होती. आणखी पुरावा कशाला हवा?

आता गंमत ऐका. चुन्यावर आंबट पडलं की तो फसफसतो, हे धंद्यातलं शहाणपण. म्हणून गडी रोज गुडघ्यांना लिंबू चोळी. कातडी सोलली, पण चुना काही निघेना. आमची ही म्हणायची, "अरे, मीठही लाव, निदान लोणचं तरी होईल!"

त्याच्या लेकीला मात्र त्याच कामाचं वेड. तिनं कुंचा उचलला की हा ओरडे, "हात लावलास तर तंगडी मोडीन!" शेवटी तिला शिवणयंत्रावर बसवलं. बसली बिचारी, दातओठ खात.

आणि तिशी उलटते न उलटते तोच तिचाही गुडघा टम्म सुजला. चुन्याचा थेंब कधी न लागलेला गुडघा!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बापलेकीचे एक्स-रे शेजारी शेजारी धरले. दोघांच्याही सांध्यातल्या कूर्चेत सारखीच पांढरी रेघ.

"हे कॅल्शियम बाहेरून शिरत नाही, सांध्यातच साठतं," बाई म्हणाल्या. "तपासण्यांवरून दिसतंय की तुमच्या घराण्यात एका जनुकातच बिघाड आहे. तो बापाकडून लेकराकडे उतरतो. आजोबांच्या मणक्यांतही बहुधा हेच असेल."

"म्हणजे चुन्याचा दोष नाहीच?" मेहुणा गरजला. "त्या सुताराची जीभ हासडतो!"

"सुताराचं राहू द्या, बाबा!" लेक कडाडली. "तुमच्या हट्टापायी इतकी वर्षं मी टाके घालत बसले, त्याचं काय? दुखणं तुमचं मिळालंच आहे, आता धंदाही द्या!"

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "साठा विरघळवणारं औषध नाही, पण सूज उतरेल. फक्त उकिडवं बसू नका."

मेहुणा आणखीच चिडला. घरी येऊन साऱ्या जगाला शिव्या घालत त्यानं कुंच्याला लांब दांडा बांधला आणि तिच्यापुढे आपटला.

"उकिडवी बसलीस तर बघ!"

तिनं कुंचा बुडवून भिंतीवर असा हाणला की शिंतोडे बापाच्या उघड्या गुडघ्यांवर उडाले. पुसायला त्याचा हात गेला, मध्येच थांबला.

"वरचा कोपरा राहिला," तो खेकसला. "डोळे फुटलेत का?"