कोरडा पदर

मोठी माय,

आज तुला लिहायला बसले ती माझ्या पणतूमुळे. अडीच वर्षांचा आहे. त्याच्या आईबापांनी पुण्यात पाच-सात बालवाड्या पाहून ठेवल्यात. एकीत इंग्रजी गाणी, एकीत भिंतीवर कॅमेरे, एकीत पोहायचा हौद. काल नातसून फोनवर म्हणाली, "आजी, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हीच सांगा ना कुठली बरी."

मी म्हटलं, "शाळा नीट निवडणारी मी आयुष्यात एकच बाई पाहिली. आणि तिनंही आधी चूकच केली होती."

"मग कळलं कसं त्यांना?"

"पदराला हात लागला म्हणून."

तिला वाटलं, म्हातारी भरकटली. मग तू कोण, हेही सांगावं लागलं. माझ्या बाबूजींच्या थोरल्या भावाची बायको, रामबाई. ऐन तिशीत कुंकू गेलं, मूलबाळ नाही, आणि घरात सगळ्यात मोठा आवाज तुझा. ते ऐकून ती म्हणाली, "आजी, हे लिहून ठेवा." म्हणून लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवते आहे असं समज. आणि तू आपल्या घरच्या पोवारी बोलीत बोलायचीस, मी इथं तुझं बोलणं झाडीबोलीत लिहिणार आहे; पोवारी माझ्या जिभेवर आहे, हातात राहिली नाही.

साल १९४०. बाबूजी, म्हणजे केशोराव, गोंदियाला धानाच्या गिरणीत दिवाणजी होते. गिरणीमागे एक खोली. माझी माय आमगावकडच्या आमच्या गावी, दिवस भरत आलेले. म्हणून माझ्यासोबत तुला गोंदियाला पाठवलं. मी, दुलारी, चार वर्षांची. तुझ्याशिवाय कोणाशी बोलत नव्हते. बाबूजींशीसुद्धा नाही. तुझ्या पदराचं टोक मुठीत नाहीतर तोंडात. घरी-दारी, नळावर, बाजारात. तो कोपरा कायम ओला आणि चघळलेला. शेजारच्या मंदाबाई म्हणायच्या, "काय वो रामबाई, पोट्टी पाळली का वासरू?"

बाबूजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "वहिनी, दिवाळीले बाळाले घेऊन दुलारीची माय इकडे येईल. तुमाले गावी जावंच लागल, धान कापाले आलं की तिकडे कोन पाहील? तवापर्यंत पोरगी शाळेत बसली त राहील इथं, शिकल. नाई बसली त घेऊन जा सोबत."

म्हणजे हिशेब उघड होता. मी शाळेत रमले तर तुला एकटीनं परत जायचं. नाही रमले तर आपण दोघी, तुझ्या चुलीजवळ, तुझ्या पदराला धरून. तुला काहीच करायचं नव्हतं. नुसतं मला रडू द्यायचं होतं. रडण्यात मी हुशारच होते.

आधी यादोराव गुरुजींचा बिगरीचा वर्ग. गुरुजी वाईट नव्हते, उगाच कशाला बोलू. पण त्यांचा नियम एकच, बाईमाणूस उंबऱ्याबाहेर. त्यांनी माझी मूठ सोडवून मला आत ओढलं. मी अशी किंचाळले की रस्त्यावरचा टांगा थांबला.

"रडू द्या बाई," गुरुजी म्हणाले. "चार दिवस रडल, मंग गप्प होईल."

"गप्प त बैलबी होते गुरुजी, जू ठेवलं की," तू म्हणालीस. "मले तिले गप्प नाई करा लागत. गप्पच त हाये ते!"

आणि मला काखेत मारून निघालीस. गुरुजी मागून म्हणत होते, "अहो, फी तरी परत घेऊन जा!"

मग कोणीतरी सांगितलं, लाकडाच्या वखारीशेजारी एका ओसरीवर नव्या पद्धतीचं बालमंदिर निघालंय. अमरावतीकडची मुलगी चालवते, प्रेमिला नावाची, वीस-बावीसची. तिला बाई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. छडी नाही, पाटी नाही. तू तिथंच नाक मुरडलंस. तरी गेलीस.

तिथं जे पाहिलंस त्यानं तुझं डोकंच फिरलं. एक पोरगा टीचभर केरसुणीनं ओसरी झाडत होता. दोन पोरी छोट्या तांब्यांनी इकडचं पाणी तिकडे ओतत होत्या. बाकीची मुलं सुपल्यांत मिसळलेले तांदूळ आणि तुरीची डाळ एकेक दाणा निवडून वेगळी करत होती. आणि प्रेमिलाताई हात बांधून कोपऱ्यात बसलेली!

"काऊन वो बाई," तू ओरडलीस, "हे शाळा होय का रोजीचं काम? लोकाईच्या पोट्ट्याइच्या हातून घर झाडून घेतेस, डाळ निवडून घेतेस, अन् वरून फी मांगतेस?"

प्रेमिलाताई उठून उभी राहिली. "तसं नाही हो. अशानं मुलांचा हात वळतो, डोळा बसतो..."

"हात वळते! आमच्या घरी चार गडी रायतेत. मी या पोरीच्या हाती केरसुनी देत नाई, अन् तू शाळा म्हनून देशील?"

"तुम्ही थोडं बसून पाहा ना. इथं आयांना बसता येतं."

"मी नाई तिची माय!"

हे तू का म्हणालीस, मला माहीत नाही. मग तू मला शोधलंस. मी त्या सुपल्यांजवळ बसले होते. तू मला उचललंस आणि तरातरा निघालीस.

पुढचं तूच मला किती वेळा सांगितलंस. वखार ओलांडली, ऊन होतं, कपाळ पुसायला तू पदर वर घेतलास. आणि थांबलीस. कोपरा हातात धरून पाहिलास. मग दुसरा कोपरा पाहिलास, उगाच आपला. दोन्ही कोरडे.

"कवा सोडलास वो?" तू मला विचारलंस.

मी काय सांगणार! मी माझी मूठ उघडून दाखवली. त्यात तुरीची डाळ होती.

त्या दिवशी तू जेवली नाहीस, असं मंदाबाई सांगायच्या. मला तुझी थट्टा करायची सवय आहे, पण इथं करवत नाही. पदर कोरडा आहे, हे फक्त तुला माहीत होतं. बाबूजींना सांगता आलं असतं, "दोन शाळा पाह्यल्या. एकीत रडते, दुसरीत झाडू मारा लावतेत." त्यांनी मान डोलावली असती. गोंदियात कोणीही डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी तू माहेरचा सागाचा बुटका पाट काखेत घेतलास, माझं बोट धरलंस आणि बालमंदिरात गेलीस. "बसून पाहा म्हनालीस नं? बसते."

बसलीस ती माझ्या शेजारी. पुढे पाट भिंतीशी गेला, मग दाराशी, मग दाराबाहेर कडुनिंबाखाली. मला आठवतं ते एवढंच की डाळ निवडताना मान वर केली की तू कुठंतरी असायचीस. तोंड मात्र बंद नसायचं तुझं. "वो ताई, त्या पोट्ट्याच्या सुपल्यात खडा हाये." "वो ताई, तांब्याले राख लाव, काळा पडला." प्रेमिलाताई हसायची. एकदा म्हणाली, "रामबाई, तुम्हीच चालवा शाळा."

"मी चालवीन त तुह्यं लगन कवा होईल?" तू म्हणालीस. सगळी पोरं हसली. मीही हसले, मोठ्यानं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणासमोर मी काढलेला, रडण्याखेरीजचा तो पहिला आवाज. तू लगेच तोंड फिरवलंस आणि झाडाकडे पाहत बसलीस.

दिवाळीला माय आली, कुशीत माझा भाऊ. बाबूजींनी विचारलं, "बसते का शाळेत?"

तू चुलीकडे तोंड करून म्हणालीस, "बसते. मांगं पाहतबी नाई."

निघालीस कधी? मी शाळेत असताना. स्टेशनावर जाण्याआधी ओसरीच्या दाराशी येऊन उभी राहिलीस म्हणे. माझी तुझ्याकडे पाठ होती. प्रेमिलाताईनं विचारलं, "हाक मारू का?"

"नोको. आवाज देशील त मांगं पाहील."

हे मला ताईनं मी मोठी झाल्यावर सांगितलं. घरी येऊन मी किती रडले, ते मायला विचारायला हवं होतंस. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, हेही खरं. तुझा पाट कडुनिंबाखाली तसाच होता. न्यायला विसरलीस, असं सगळे म्हणाले. तू आणि विसरणार! घरातली पळी हरवली तर गाव डोक्यावर घेणारी तू.

त्यानंतर सुट्टीत मी गावी आले की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "माहा पाट हाये नं तेथी?" आणि निघताना, "आता येशीन त घेऊन येजो." मी बालमंदिरातून पुढच्या शाळेत गेले तरी तेच. आणायचं म्हटलं की मात्र तुझा बेत बदलायचा. एकदा गाडीला गर्दी असेल म्हणालीस, एकदा पाट जड आहे म्हणालीस. जड! चार वर्षांच्या पोरानं उचलावा एवढा होता तो. पाट तिथं राहिला की मला पुन्हा यावंच लागायचं, हे तेव्हा कळलं नाही.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात प्रेमिलाताईनं निरोप धाडला, ओसरी सोडायची आहे, रामबाईंचा पाट घेऊन जा. मी गावी येणारच होते, तुझा ताप उतरत नव्हता म्हणून. जाता जाता घेऊन येते, असं बाबूजींच्या हातून तुला कळवलं. तू उलटा निरोप दिलास, "पोट्टीले रिकाम्या हातानं येऊ द्या. पाट धान निंगल्यावर आनजो म्हना."

मी रिकाम्या हातानं आले. तू माझी मूठ धरून झोपलीस.

त्या साली धान निघालं तेव्हा तू नव्हतीस. पाट आणायचा राहिला.