लाभ, दोन, तीन

आमचे अण्णा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. सगळा जन्म कांदा, मका आणि बाजरी तोलण्यात गेला. जुन्या मापाड्यांची एक रीत असते. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. का, ते अण्णांनाही नीट सांगता यायचं नाही. "एक म्हणलं की माल एकलाच राह्यतो," एवढंच म्हणायचे. लहानपणी मी जेवायला त्रास द्यायची, तेव्हा मला मांडीवर घेऊन ते असंच भरवायचे. पहिला घास लाभ. पुढचे आपोआप पोटात जायचे.

गेल्या वर्षी अण्णा आणि आई माझ्याकडे बजाजनगरला राहायला आले. राहायला कसले, अण्णांचं पोट दुखत होतं, डोळे पिवळे झाले होते आणि वैजापूरच्या डॉक्टरांनी 'शहरात मोठ्या दवाखान्यात न्या' म्हणून सांगितलं होतं. माझे मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक आम्ही त्यांना दिली. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचलेला होता.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला स्वच्छ. आम्हा तिघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की हा आजार बरा होणारा नाही. सलाईनमधून औषध देता येईल, त्यानं थोडे दिवस बरे जातील, पण ते औषध झेपायला अंगात ताकद पाहिजे. "यांचं वजन टिकलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "वजन घसरत गेलं तर औषधाचा फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल. मग थांबावं लागेल." अण्णांनी मान हलवली. वजनाचं महत्त्व त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

आईनं मात्र त्यातलं एकच वाक्य पदराला बांधून आणलं. रिक्षात बसल्याबरोबर म्हणाली, "वजन ऱ्हायलं म्हंजी माणूस ऱ्हाईल." 'बरा होणार नाही' हे तिनं ऐकलंच नव्हतं, की ऐकून बाजूला ठेवलं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. मलाही तिचंच खरं व्हावं असं वाटत होतं.

त्यानंतर आमच्या घरात जेवण सोडून दुसरा विषय उरला नाही. मुगाचं कढण, ज्वारीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, भाकरीवर तुपाची धार. लग्नाच्या पंगतीत अण्णा येसराची आमटी वाटीवर वाटी भुरकायचे, म्हणून आईनं गावाकडून येसराचा मसाला मागवला. भेटायला येणारा प्रत्येक जण एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात सल्ला घेऊन यायचा. कुणाच्या मेव्हण्याला पपईच्या पानानं गुण आला होता, कुणाच्या मामेसासऱ्याला आणखी कशानं. मेव्हणा आता कसा आहे असं विचारलं, की विषय बदलायचे. खालच्या मजल्यावरच्या चाचीनं तेवढी मटणाची यखनी पाठवली आणि "बेटी, अब्बा कू दो चम्मच पिला, नै पिये तो रहने दे," एवढंच सांगितलं. 'रहने दे' म्हणणारी त्या सगळ्यांत ती एकटीच.

अण्णांना अन्नाचा वाससुद्धा सोसत नव्हता. घास तोंडात नुसता घोळत राहायचा. पण आमच्याकडे आग्रह म्हणजे माया. नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढल्याशिवाय पाहुणचार झाला असं कुणाला वाटतच नाही. आई समोर बसून "अवं, माझ्यासाठी एक घ्या" म्हणत राहायची, आणि ते घ्यायचे. थोड्या वेळानं उठून मोरीत जायचे आणि आवाज येऊ नये म्हणून नळ मोठा सोडून ओकायचे. आम्ही बाहेर बसून तो नळ ऐकत असू. ते बाहेर आले, की आई विचारायची, "हात धुतले का?" आणि ते व्हय म्हणायचे.

आणखी एक गोष्ट होती. आई लग्न झाल्यापासून अण्णांच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवते. मला या प्रकाराची पहिल्यापासून चीड आहे आणि त्यावरून मी तिच्याशी पुष्कळ भांडले आहे. पूर्वी निदान ती पोटभर जेवायची. आता अण्णांनी चतकोर खाल्ली की ती चतकोर खायची, त्यांनी ताट सरकवलं की तीही उठायची. "त्यांला जात नाय, मंग मला कसं जाईन?" म्हणायची. मी डोकं आपटून घेतलं तरी तिच्यात फरक पडत नव्हता. साडी नेसताना तिला जास्तीच्या निऱ्या पडायला लागल्या होत्या.

दवाखान्याच्या दिवशी तेवढं चित्र पालटायचं. सिस्टर अण्णांना काट्यावर उभं करून आकडा सांगायची आणि वजन मागच्या खेपेइतकंच भरायचं. "बगा, तुपानं धरून ठेवलं," आई रांगेतल्या बायकांना सांगायची. त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा कसेबसे दोन घास खायचे आणि त्यांच्या मागून आई अख्खी भाकरी संपवायची. सलाईननंतरचे दिवस फार वाईट जात. अण्णांचं तोंड सोलून निघायचं, पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. पण वजन टिकतंय ना, असं म्हणत आम्ही सगळं सोसत होतो. सोसत होते अर्थात अण्णा.

नवल मलाही वाटायचं. गाल आत गेले होते. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. आणि वजन तेवढंच? पण मी मापाड्याची पोर. माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही, हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. शिवाय संध्याकाळी ते हळूहळू जिना उतरून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गप्पा मारायला जायचे. चालतायत म्हणजे ताकद आहे, असं मी धरून चालले. पुढे एकट्यानं जिना उतरवेना, तेव्हा तेही बंद झालं.

त्यानंतरच्या खेपेला वजन चक्क वाढलं. सिस्टरनं आकडा सांगितला आणि आईनं दोन्ही हात जोडले. डॉक्टरबाईंनी मात्र तो आकडा पुन्हा एकदा वाचून पाहिला. अंगात पाणी धरलंय का म्हणून त्यांनी अण्णांच्या पायाची नडगी दाबून पाहिली. पाय कोरडे होते, काटक्या झालेले. मग पोट तपासायला त्यांनी अण्णांना आडवं व्हायला सांगितलं आणि सदऱ्याखालच्या बंडीची बटणं काढायला हात पुढे केला. अण्णांनी तो हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाई," म्हणाले.

बंडीच्या आतल्या खिशांतून लोखंडी वजनं निघाली. काळी, सहा कोनांची, तळाला शिशाचा शिक्का मारलेली. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा अण्णांनी ती यार्डातून घरी आणून देव्हाऱ्याखाली ठेवली होती. ती त्यांच्या पिशवीतून माझ्या घरी आली आहेत, हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टरबाईंनी एकेक करून ती टेबलावर ठेवली. त्या एवढ्याशा खोलीत प्रत्येक वजनाचा आवाज झाला.

"हे काय केलंत अण्णा?" मी ओरडलेच. "तुम्ही? काट्याला फसवलंत?"

"फसवलं नाय," ते छताकडे बघत म्हणाले. "भंगारवाल्याच्या काट्यावर उभा ऱ्हायचो. जेवढं घटलं तेवढंच घालायचो. वरती छटाकभर दाखवलं नाय कधी. या बारीला तिथवर जाता आलं नाय. अंदाजानं घातलं, अंदाज चुकला."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाबा, या वजनावर मी औषधाचं प्रमाण ठरवत होते. तुम्हाला झेपणार नाही एवढं गेलं ना ते."

"व्हय. समजत व्हतं मला. लई जळजळ व्हायची."

"मग का केलंत असं?"

अण्णांनी मान वळवून आईकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून भिंतीशी उभी होती. "माझं वजन उतरलं की ही जेवत नाय," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी. आता हिला तोला."

"मला काय झालंय?" आई म्हणाली. पण डॉक्टरबाईंनी काट्याकडे बोट केलं, तेव्हा तिनं चपला काढल्या आणि निमूट उभी राहिली. ती याआधी आयुष्यात एकदाच काट्यावर चढली होती. लग्नानंतर अण्णांचा डबा घेऊन यार्डात गेली, तेव्हा त्यांनी थट्टेनं तिला बाजरीच्या काट्यावर उभं करून सगळ्या हमालांसमोर वजन पुकारलं होतं. ती पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. ही आमच्या घरातली नेहमीची हसायची गोष्ट आणि तो आकडा अण्णांना पाठ. सिस्टरनं आता जो आकडा सांगितला तो मी इथं लिहीत नाही. अण्णांनी तो ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

औषध थांबलं. डॉक्टरबाईंनी आईला शेजारी बसवून घेतलं. "ते जेवत नाहीत म्हणून आजार वाढत नाहीये, आई. आजार वाढला म्हणून त्यांना जेवण जात नाही. आता तुम्ही काय वाट्टेल ते खाऊ घाला, त्यांच्या अंगी लागणार नाही. मागतील तेवढंच द्या." आई ऐकत होती. या वेळी तिनं सगळं ऐकलं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. किती दिवस, असं मी विचारलं. महिने धरू नका, आठवडे धरा, असं त्या म्हणाल्या.

रिक्षा नगर नाक्यावरून बजाजनगरकडे निघाली. ती वजनं पिशवीत घालून मी मांडीवर घेतली होती. मला कुणावर तरी भयंकर चिडायचं होतं. आईवर चिडावं तर तिनं नवऱ्याला जगवायला भरवलं होतं. अण्णांवर चिडावं तर त्यांनी बायकोला जगवायला तोंड भाजून घेतलं होतं. दोघांपैकी कुणालाच दोष देता येत नव्हता. मी रिक्षावाल्यावरच खेकसले, हळू चालव म्हणून, आणि तो बिचारा हळूच चालवत होता.

संध्याकाळी आईनं सवयीनं अण्णांचं ताट वाढून त्यांच्या पलंगापाशी नेलं. अण्णांनी ते तिच्याकडे सरकवलं.

"तू जेव आधी."

"तुमच्या आधी? असं कधी झालंय व्हय?"

"नाय झालं. आज कर. मी बघतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एरवी शंभर गोष्टी बोलले असते, तेव्हा नुसती आमटीची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि हात तोंडापर्यंत नेऊन तिथंच थांबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णा कुशीवर वळले.

"लाभ," ते म्हणाले.

एके काळी हा आवाज अख्ख्या यार्डात जायचा. आता तो पलंगाशेजारी खाली बसलेल्या बाईपर्यंत पोचेल एवढाच होता. आईनं घास तोंडात घातला. तो गिळायला तिला फार वेळ लागला. अण्णा थांबले. तिनं पुढचा घास मोडल्यावर म्हणाले, "दोन." मग तीन. भाकरी संपेपर्यंत ते म्हणत राहिले, शेवटी तर नुसते ओठ हलत होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही, आणि त्यांना कुणी खा म्हणालंही नाही.

पुढे रोज तसंच चाललं. बोलणं बंद झालं तेव्हा ते बोट उचलायचे, आणि आई त्या बोटाकडे बघत जेवायची. ती थोडी भरली, हे मला दिसत होतं. अण्णांनाही दिसलं असावं. अण्णांच्या तेराव्याला वैजापूरच्या घरी पंगत उठली, पाहुणे गेले, आणि मी आईला वाढलं, त्यांच्याच ताटात. तिनं भाकरी मोडली, घास तोंडाजवळ नेला आणि थांबली. ती कशाची वाट बघतेय ते मला समजलं. मी म्हटलं, "लाभ."

तिनं तो घास खाल्ला. दोन म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत ती ताटावरून उठली होती.