भागीरथाबाईची मराठी

जया नागपूरच्या नर्सिंग कॉलेजातून बॅग घेऊन पोंभुर्ण्याजवळच्या आपल्या गावी आली, ती शिक्षण सोडायचं ठरवूनच. कारण ऐकाल तर हसाल, आणि तिचं दुखणं नेमकं तेच होतं. वॉर्डात डॉक्टरीणबाई एका पेशंटकडे बघून म्हणाल्या, ‘ही इज आउट ऑफ द वूड्स.’ जयाला वाटलं, माणूस जंगलातून आलाय. आमच्याकडे जंगलातून तापाचा माणूस आला की आधी मलेरियासाठी रक्त काढतात. पोरीनं लगबगीनं त्याचं बोट टोचलं. अख्खा वॉर्ड खो खो हसला. बाईंना म्हणायचं होतं, याच्या जिवावरचं टळलं!

आई भागीरथा अंगणात फाटकं जाळं सांधत होती. ढिवराची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण बाजारात मासोळीची टोपली घेऊन बसली की भल्याभल्यांना बोलण्यात हरवील. तिनं सगळं ऐकलं, आणि ती हसली नाही.

“जंगलातून भायेर पडला म्हणजे वाचला? आपल्याले तं जंगलच जगवते. असं काऊन म्हणतेत थे?”

“मले नाई जमत माय. मी नाई जात वापस.”

भागीरथाचा हात थांबला. “मी लग्न होऊन इथी आली, तवा मले मराठीचा एक शबद येत नव्हता.”

जया बघतच राहिली. आईचं माहेर सिरोंच्याकडचं, तिकडे तेलुगू बोलतात, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. पण आई कधी मराठी शिकली असेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

“महिनाभरानं तुझा आजा म्हणे, पोटात कावळे ओरडून राह्यले. मले पोट अन् कावळे, एवढंच समजलं. मी भेली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. बुढा उपाशी, वरून धुरानं खोकून राह्यला! सारा मोहल्ला वर्षभर हासला.”

“मंग तुले शिकवलं कोनं?”

“कोनी नाई. लोकं हासले का समजे, चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावं.”

पुस्तक नाही, मास्तर नाही, वही नाही. अन् हीच बाई आज उठता-बसता म्हणी फेकते! केवढी मोठी विद्या आपल्या चुलीपाशी बसलेली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, या विचारानं जयाच्या अंगावर काटा आला.

“मंग मले तेलुगू काऊन नाई शिकवली?”

भागीरथानं जाळ्याची एक गाठ आवळली. “मले वाटलं, तुले बी हासतीन.”

जयाचे डोळे भरून आले. ती आईला खेटून बसली.

“माय, सकाळच्या गाडीनं नागपूरले जातो, हे तेलुगूत कसं म्हणतेत?”

भागीरथानं सांगितलं. जयानं म्हणून पाहिलं, आणि ते इतकं वाकडंतिकडं झालं की भागीरथा पोट धरधरून हसली.

जया पुन्हा बोलली.