उकिरड्यात दाबलेली चावी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुळजापूरला देवीपुढं उभी राहिले तेव्हाही नाही – तिथं मी पाऊस मागितला, पोरांचे निकाल मागितले आणि बाहेर आले. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही फार समजूतदार म्हणून नव्हे. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच.

मोटारसायकलपासून सुरुवात करते. सासऱ्यांनी ती विलायती गाडी निजामाच्या काळातल्या कुण्या अंमलदाराकडून घेतली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कडब्याच्या खोलीत पडून होती आणि तिच्या टाकीवर कोंबडी बसायची. कोंबडी निदान अंडी द्यायची. पण घरात मान गाडीला.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीत गेली, आणि नेमकी तेव्हाच आमच्या ह्यांना ती गाडी चालू करायची हुक्की आली. हे सोसायटीचे चेअरमन. दुष्काळी कामं बघायला मंत्री येणार, त्यांच्या जीपपुढं आपण विलायती गाडीवर – असं काहीतरी डोक्यात होतं. गावात प्यायला पाणी नाही आणि चेअरमनला हँडलला पॉलिश पाहिजे. ओसरीवर रोज रिकामटेकड्यांचा घोळका. "काय आवाज असंल व हिचा!" म्हणून माना डोलवायचे. बायका मैलावरून घागरी आणत होत्या, त्यांच्याकडं बघून कुणाची मान हलली नाही.

गाडी उघडायला काशिनाथ मिस्त्री आला. लष्कराच्या वर्कशॉपात नोकरी करून गावी परतलेला. सोसायटीची ऑइल इंजिनं तोच बघायचा. विहिरी खोल करताना झिरप उपसायला ती लागायची, आणि त्या दुरुस्तीवर त्याचं घर चालायचं. काम ठीक करायचा. पण तोंड! म्हणे एका कर्नलनं आपल्या गाडीला ह्याच्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. म्हणे दरीत गेलेली जीप ह्यानं एकट्यानं वर काढली. डोळ्यांवर गॉगल, दुष्काळात इस्त्रीची पँट. मला तो मनुष्य सहन व्हायचा नाही.

फुशारकीमुळं? तसं मी स्वतःला सांगत असे. फुशारक्या मारणारे आमच्या भावकीत काय कमी होते? त्यांना तर मी वाढत होते. खरं असं की बौद्ध वस्तीतला माणूस आमच्या ओसरीवर खुर्ची ओढून बसतो आणि चहात साखर कमी आहे म्हणतो, हे मला खुपायचं. त्याचा कप मी वेगळा ठेवला होता, आणि तो वेगळा आहे हे त्याला दिसेल असा ठेवला होता. मी शाळेत मास्तरीण. समतेचा धडा मी वर्गात मोठ्या आवाजात वाचून घ्यायचे.

इंजिन खोलताना मिस्त्री एकेक भाग काढून माझ्या घमेल्यात टाकायचा. घमेल्यात रॉकेल. मी भाग घासून, पुसून, जुन्या चादरीवर त्याच ओळीत मांडायचे – म्हणजे जोडताना शेवटाकडून उलट यायचं. हे काम माझ्याकडं कसं? चेअरमनच्या हाताला रॉकेलचा वास येतो. रॉकेल रेशनचं, मिळण्याची मारामार. म्हणून धुऊन झालं की ते काळं रॉकेल मी धोतराच्या फडक्यातून गाळून स्टोला वापरायचे आणि फडक्यातला गाळ उकिरड्यावर झटकायचे. काटकसर. मला माझ्या काटकसरीचा फार अभिमान.

जोडायला घेतलं त्या दिवशी घोळका नेहमीपेक्षा मोठा. मिस्त्रीनं इंजिनचा दांडा हातात घेतला, चादरीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "बाई, चावी?"

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. नखाएवढा अर्धगोल लोखंडी तुकडा. दांडा आणि त्यावरचं दातेरी चाक यांच्या खाचेत तो बसतो, म्हणजे चाक जागेवर फिरत नाही. चादर झटकली, घमेलं उपडं केलं. चावी नाही.

"काशिनाथ, खिसा झाड की," हे हसत म्हणाले.

"साहेब, माझ्या खिशात बिडी टिकंना, चावी कुठली टिकायला?" तोही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकीचे हसत नाहीत. "म्या बाईंच्या घमेल्यात टाकली व्हती. आईशपथ."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणाले, "घमेल्यात जे आलं ते धुऊन चादरीवर ठेवलं. चावी आली नाही."

त्या वेळी मला माहीत होतं का? आदल्या दिवशी गाळ झटकताना दगडावर काहीतरी वाजलं होतं. मला खडा वाटला. ते मला ओसरीवर आठवलं, पण बोलून गेल्यावर – नाही. हेही खोटं. आधी आठवलं, मग बोलले. त्या बैलोबांसमोर मी वेंधळी ठरणार होते. मी! गावात भांडण झालं तर "बाईंना विचारा" म्हणायचे, ती मी.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी कशाला? कानस द्या, घासून दुसरी करतो."

"चावीचं न्हाय रं, इमानाचं हाय," हे म्हणाले. सोसायटीच्या पेंडीची पोती परभारे आमच्या गोठ्यात उतरवून घेणारा माणूस इमान म्हणाला, आणि घोळक्यानं मान डोलवली. कुणीतरी मिस्त्रीची वस्तीही काढली. सगळी जन्मभराची फुशारकी त्याच्या अंगावर आली – एवढ्या थापा मारणाऱ्याचं आज कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उकिरडा उकरला. सापडली. इथवर असतं तर नुसता वेंधळेपणा होता. चावी तळहातावर घेऊन उभी राहिले. घरात जाऊन "ही बघा" म्हणायला काय लागत होतं? मी ती परत खाली टाकली आणि टाचेनं शेणात दाबली.

मिस्त्री शाळेवर आला. पहिल्यांदाच गॉगल नव्हता. पायरीखाली उभा राहून म्हणाला, "बाई, तुमचा शब्द कुणी मोडत न्हाय. एवढंच म्हणा, की आली असंल, ध्यानात न्हाय."

मी म्हणाले, "माझ्या सगळं ध्यानात असतं."

सोसायटीनं त्याचं काम काढून घेतलं. आमचे हे कशाला सोडतात? नवा मिस्त्री सोलापूरहून आला, लेथवर करून घेतलेली चावी खिशातून घेऊन. गाडी सुरू झाली. मंत्री आमच्या फाट्यावरून आतही वळले नाहीत, हे आमच्या ह्यांच्या लायकीला धरूनच झालं. पण गाडी चालायची. पदर खोचून मी मागं बसले, तामलवाडीपर्यंत जाऊन आले. आवडलं मला. तेही सांगून ठेवते.

काशिनाथचं आता सोलापुरात नाक्याजवळ गॅरेज आहे. एसटीतून पाटी दिसते. मी कधी उतरले नाही. उतरणारही नाही. काय म्हणून उतरू – त्यानं "जाऊ द्या बाई" म्हणावं म्हणून?

पण ते पुढचं. त्या वर्षी तो एकटाच काम शोधायला सोलापूरला गेला आणि त्याची बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागली. तिथं मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, वाटायचं काम आम्हा शिक्षकांकडं होतं. एका दुपारी ती रांगेत माझ्यासमोर आली. तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. मी माप भरून तिच्या ओच्यात ओतलं. ती हलली नाही.

"बाई," ती हळू म्हणाली, "आमच्या ह्यांनी घेतली न्हाय ती. तुमाला ठावं हाय."

मी माप पुन्हा पोत्यात घातलं.

"पुढं सरक," मी म्हणाले. "मागं रांग आहे."

ती सरकली.