अक्कांनी केबिन सोडली

बायकोची बँकेतली बदली चेन्नईला झाली आणि मी कोल्हापूरची नोकरी सोडून तिच्यामागे आलो. दोन महिने घरी बसल्यावर अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात माल तपासायचं काम मिळालं. पाण्याच्या पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा तिथे बनतात. मालकीणबाई साठीच्या, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्या मराठीतले शब्द जुन्या पत्रांतले आणि सूर तमिळ. "तुम्ही आलां तें बरें जालें," हे त्यांचं पहिलं वाक्य मी त्या संध्याकाळी बायकोला जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं.

तिथल्या पहिल्याच मार्चमध्ये रिंगा बिघडू लागल्या. कच्च्या रबराच्या पट्ट्या साच्यात घालायच्या, तापलेल्या प्रेसमध्ये दाबायच्या, रबर पसरून शिजतं आणि रिंग तयार होते, इतकं साधं काम. पण काही रिंगा अर्धवट भरलेल्या निघत, काहींवर बारीक सुरकुत्या. मी प्रेसचं तापमान तपासलं, साचे घासून घेतले, रबर पुरवणाऱ्याला फोनवर दोन शब्द सुनावले. फरक पडेना. मग एका दिवशी सगळे खराब नग साच्यातून निघालेल्या वेळेप्रमाणे टेबलावर मांडले आणि चक्रावलो. सकाळची रांग जवळजवळ रिकामी होती. बिघडलेलं सगळं जेवणानंतरचं. रबर तेच, साचे तेच, हातही तेच.

प्रेसवर अठरा वर्षं काम केलेली एक बाई माझी ही मांडामांड बघत होती. तिने कच्चं रबर ठेवायच्या मांडणीवरून एक पट्टी उचलून माझ्यापुढे धरली. "सार, अंगठा दाबून बघा."

मी दाबला. खळगा पडला आणि लगेच भरून आला.

"सकाळी दाबलात तर ठसा तसाच राहतो," ती तमिळमध्ये म्हणाली. "दुपारी ही पट्टी साच्यात जायच्या आधीच थोडी शिजलेली असते."

मांडणी छपराच्या पत्र्याखाली होती. मी वर पत्र्याला हात लावायला गेलो आणि झटकन मागे घेतला. "हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"आधीच्या सुपरवायझरना सांगितलं होतं. ते म्हणाले, मद्रासला ऊन काय नवीन आहे? तेव्हा कत्तिरीतच व्हायचं, मे महिन्यातले ते कडक दिवस असतात ना, तेवढेच. आता मार्चपासून होतं."

मी ती पट्टी घेऊन अक्कांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनीही अंगठा दाबून पाहिला, मग पुन्हा एकदा. "सरी, बरें," त्या म्हणाल्या. "मग पहाटे साडेपाचला प्रेस चालू करूं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकांना तसं सांगितलं. एकीलाही ते पटलं नाही. पहाटे बस नाही, नळाला पाणी त्याच वेळी येतं, मुलांचे डबे कोण करणार? अक्का नाराज होऊन केबिनमध्ये जाऊन बसल्या. तासाभराने त्यांनी मला बोलावलं आणि छताजवळच्या एसीकडे बोट केलं.

"कारखान्यात थंड जागा किती?"

"ही एकच."

"तर मग रबर इथें राहूं दे. माझें टेबल बाहेर न्या."

मला वाटलं, चिडून बोलत आहेत. पण संध्याकाळपर्यंत त्यांचं लाकडी टेबल प्रेसच्या ओळीपासून दहा पावलांवर आलं होतं आणि केबिनमध्ये रबराच्या पट्ट्या रचल्या गेल्या होत्या. लागेल तेवढंच रबर तासातासाने बाहेर आणायचं ठरलं. पहिल्याच दुपारी रिंगा नीट भरून निघाल्या. मी एकेक उजेडात धरून बघत होतो आणि मनातून फार खूश होतो.

अक्कांना मात्र बाहेर उकडत होतं. पदराने मान पुसत कागद वाचायच्या, एकच पान परत परत. तिसऱ्या दिवशी दीडच्या सुमारास उठून त्या प्रेसजवळ गेल्या आणि अठरा वर्षं काम केलेल्या त्या बाईशेजारी उभ्या राहिल्या. साचा उघडला की गरम वाफ तोंडावर यायची. दोन साचे होईपर्यंत त्या तिथे थांबल्या.

"रोज असंच?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"रोज, अक्का."

त्या दिवसापासून उन्हाळ्यात दुपारी एक ते तीन प्रेस बंद. वेळा मग बायकांनीच बसवल्या: घर जवळ असलेल्या सातला येतात, बाकीच्या नऊला, आणि तीननंतर काम थोडं लांबतं. पत्र्याला पांढरा रंग दिला. त्याने किती फरक पडला ते मी अजून मोजतो आहे.

मे संपता संपता शेजारचा स्प्रिंगवाला येऊन सगळं बघून गेला. त्याच्याकडे खराब होण्यासारखा माल नाही, पण दुपारी त्याची माणसं चक्कर येऊन बसतात. अक्का त्याला अर्धा तास समजावत होत्या. तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "वीज गेली तर ती खोली किती वेळ थंड राहते?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी एसी बंद करून, पट्ट्यांमध्ये थर्मामीटर ठेवून आम्ही दोघं दाराबाहेर खुर्च्या टाकून बसलो, आणि दर पंधरा मिनिटांनी मी आत डोकावून आकडा सांगत होतो.