विजेचं बिल

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या बसमध्ये रोज भेटणारी ती चिनी आजी प्रत्येक स्टॉपचं नाव ड्रायव्हरच्या आधी, हळू आवाजात म्हणायची. तिच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून लहानपणी लागलेली ही सवय. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, आजी स्वतः ऐंशीची होती, तरी तिने कधी एक स्टॉप सोडला नाही.

ती गेल्याचं ड्रायव्हरकडून कळलं, म्हणून मी शोकसभेला गेलो. तिचे दोन भाऊ विमानाने आले होते, दोघेही प्रोफेसर. धाकटा कागदावरून वाचत म्हणाला, "ताईने जन्मभर आईवडिलांची सेवा केली. तिला स्वतःसाठी कधी काही नकोच होतं." लोकांनी माना डोलावल्या.

नकोच होतं म्हणे. या दोघांनी कधी विचारलं असेल तर शपथ.

मला एकदा तिने बसमध्ये सांगितलं होतं, "घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे. मला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा आईला म्हटलं, विजेचं बिल आहे." एवढं बोलून तिने पुढच्या स्टॉपचं नाव घेतलं होतं.

भाषणं संपल्यावर भावांनी केक अगदी मन लावून खाल्ला.

मी तणतणत घरी आलो, भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड नंबरासाठी खरवडलं आणि नागपूरला माझ्या ताईला फोन लावला. आमच्या आई-बाबांचं तीच बघते.

"सगळं ठीक आहे रे," ती म्हणाली.

मी इथे आल्यापासून पाच वर्षं ती हेच सांगत होती, आणि पाच वर्षं मी ते सोयीने खरं मानत होतो.